महागड्या गुलाबामागचे लाकूड

जबलपूरच्या ग्वारीघाटावर संध्याकाळी नर्मदेच्या आरतीला गर्दी जमते. पायऱ्यांवर पानांच्या द्रोणांत झेंडू आणि गुलाबाच्या पाकळ्या, मधोमध पेटती वात. भोवती धूप, कापूर, तूप, ओला दगड आणि नदीचा स्वतःचा असा एक गार वास. या सगळ्यांत गुलाब सर्वांत आधी हरतो. द्रोणातल्या पाकळ्यांचा गंध हातभर अंतरावरही धड पोचत नाही. धूप मात्र घाट सोडून रिक्षात बसल्यावरही पदराला चिकटलेला असतो. हिशेब सरळ रसायनशास्त्राचा आहे. फुलांच्या गंधाचे बरेचसे रेणू हलके, ते लवकर उडतात. लाकूड, राळ, मुळे यांचे जड, ते रेंगाळतात.

परदेशी सुगंधगृहे हाच हिशेब बाटलीत भरून विकतात. ‘स्त्रियांसाठी लाकडी गुलाब’ हा आज महागड्या परफ्यूमच्या बाजारातला मोठा प्रकार झाला आहे. अशा एखाद्या बाटलीला वीस-पंचवीस हजार रुपये सहज पडतात. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला, मुलीच्या पहिल्या मोठ्या पगारातून आईसाठी, असे निमित्त काढून ही खरेदी आता जबलपूर, नागपूर, पुण्याच्या मध्यमवर्गीय घरांतही होते. एवढे पैसे मोजताना परीक्षा मात्र दुकानातल्या पहिल्या दोन मिनिटांवर उरकली जाते, आणि त्या दोन मिनिटांत नाकाशी येतो तो फक्त गुलाब. ही पद्धत चुकीची आहे. लाकडी गुलाबाची परीक्षा लाकडावर करावी, आणि ती चौथ्या तासाला करावी.

मराठी नाकाला हा प्रकार परका मुळीच नाही. दिवाळीच्या उटण्याची पुडी उघडली की त्यात काय असते? चंदन, वाळा, नागरमोथा, कचोरा, आंबेहळद आणि गुलाबाच्या वाळलेल्या पाकळ्या. नरकचतुर्दशीच्या पहाटे न्हाणीघरात दरवळतो तो लाकडी गुलाबच. फरक एवढाच की तो कुणी स्त्रीसाठी वेगळा आणि पुरुषासाठी वेगळा बांधलेला नसतो.

कनौजचे गुलाबाचे अत्तर तर या कल्पनेचे मूळ रूपच म्हणावे. तांब्याच्या देगेत पाकळ्या आणि पाणी, झाकण मातीने लिंपलेले, बांबूच्या नळीतून वाफ निघते आणि पाण्यात बुडवलेल्या भपक्यात उतरते. त्या भपक्यात आधीच चंदनाचे तेल असते. गुलाबाची वाफ त्यात मुरते, वर तरंगणारे तेल ठेवून खालचे पाणी काढून घेतात, आणि नव्या पाकळ्यांवर तोच क्रम कित्येक दिवस चालतो. शेवटी हाती येतो तो चंदनाच्या खांद्यावर बसलेला गुलाब. कनौजच्या अत्तराला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण चंदनाचे तेल महाग होत गेले तसे अनेक ठिकाणी त्याची जागा लिक्विड पॅराफिनसारख्या स्वस्त द्रवांनी घेतली. गुलाब तोच राहिला, खालचा खांदा गेला, आणि ज्यांनी जुने अत्तर लावले होते त्यांना हा फरक तासाभरात कळत असे.

सुगंधाची मोजूनमापून चिकित्सा करण्याची परंपराही आपल्याकडे जुनी आहे. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त गंधयुक्तीचा स्वतंत्र अध्याय आहे. सोळा द्रव्यांतून चार-चार निवडून, त्यांची प्रमाणे बदलत गेल्यास १,७४,७२० सुगंध होतात, असा हिशेब त्यात मांडला आहे. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लासा’त, म्हणजे बाराव्या शतकात, विलेपन आणि धूप यांवर प्रकरणे आहेत. मराठी वाचकाच्या अधिक जवळचा दाखला पुण्यातला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांनी १९४० च्या दशकात ‘गंधवाद’ या सुगंधशास्त्रावरच्या दुर्मीळ हस्तलिखिताचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या हस्तलिखितावर मराठी टीका आहे, आणि गोडे यांनी तिचा काळ साधारण १३५० ते १५५० च्या दरम्यान धरला. म्हणजे सुगंध कसा बांधावा यावर मराठीत तपशीलवार लिहिले जाऊन किमान पावणेपाचशे वर्षे झाली. ज्या भाषेत हे काम झाले, तिच्या वाचकांनी परदेशी कंपनीच्या जाहिरातपत्रकातली विशेषणे डोळे मिटून उचलावीत याचे वाईट वाटते.

आता गुलाबाकडे वळू. परफ्यूमसाठी मुख्यतः दमास्क गुलाब वापरतात. बल्गेरियातले काझानलुक आणि तुर्कस्तानातले इस्पार्ता ही त्याची मोठी ठिकाणे. फ्रान्समध्ये ग्रासच्या परिसरात शतदली गुलाब होतो. फुले उन्हे चढण्यापूर्वी तोडावी लागतात. एक किलो तेलाला साधारण साडेतीन ते चार टन पाकळ्या लागतात. या तेलाचा निम्म्याहून अधिक भाग सिट्रोनेलॉल, जिरॅनिऑल, नेरॉल अशा घटकांचा असतो. पण गुलाबाला ‘गुलाबपण’ देणारे डॅमॅसेनोनसारखे घटक एक टक्क्याहूनही कमी असतात, आणि तेवढ्यावर सारा गंध उभा राहतो. आणखी एक महत्त्वाचा घटक, फेनिलइथाइल अल्कोहोल, पाण्यात विरघळतो. ऊर्ध्वपातनात तो तेलाला सोडून गुलाबपाण्यात जातो. म्हणून हळदीकुंकवाला गुलाबदाणीतून शिंपडलेल्या पाण्याचा वास आणि गुलाबाच्या तेलाचा वास एकसारखा नसतो. लहानपणापासून गुलाबपाण्याच्या वासावर वाढलेल्या बाईला अस्सल गुलाबतेल किंचित तिखट, मधासारखे जड वाटले तर तिचे नाक चुकलेले नसते.

आणि या गुलाबाच्या गोष्टीत सातपुड्याचा हात आहे. तो फारसा कुणाला ठाऊक नाही.

खानदेश, निमाड, बैतूल या पट्ट्यातल्या डोंगरउतारांवर रोशा गवत उगवते. मराठीत त्याला तिखाडीही म्हणतात. त्याच्या मोतिया जातीतून निघणाऱ्या तेलात जिरॅनिऑल भरपूर असते, आणि वास गुलाबाच्या फार जवळ जातो. एकोणिसाव्या शतकात हे तेल मुंबई बंदरातून तुर्की बंदरांकडे रवाना होत असे. तिथे ते ‘तुर्की जिरॅनियम तेल’ या नावाने ओळखले जाई, आणि बल्गेरियातल्या मौल्यवान गुलाबतेलात त्याची भेसळ होई. युरोपातल्या श्रीमंत बायकांनी त्या काळी जो पौर्वात्य गुलाब अंगाला लावला, त्यातला काही भाग खानदेशातल्या गवताचा होता. १८७१ मध्ये ऑस्कर याकोबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने जिरॅनिऑल पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात वेगळे केले, तेही भारतातून आलेल्या गवताच्या तेलातूनच. आज परफ्यूमच्या खोक्यावर बारीक अक्षरांत जिरॅनिऑल, सिट्रोनेलॉल ही नावे दिसतात. काही जणांच्या त्वचेला त्यांची ॲलर्जी होते, म्हणून युरोपातल्या नियमांनुसार ती छापावी लागतात. विक्रेता हीच नावे अस्सल गुलाबाचा पुरावा म्हणून दाखवू लागला तर मान्य करू नये. हे रेणू गुलाबातून येतात, गवतातून येतात आणि कारखान्यातूनही येतात.

नैसर्गिक गुलाबतेल वाटेल तितके ओतताही येत नाही. त्यात मिथाइल युजेनॉल हा घटक निसर्गतःच असतो आणि आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेच्या मानकांनी त्याच्या प्रमाणावर कडक मर्यादा घातली आहे. त्यामुळे ‘ओंजळीओंजळीने गुलाब’ असे वर्णन कुठेही वाचले तरी बाटलीतल्या गुलाबाचा मोठा भाग प्रयोगशाळेत जुळवलेला असणार, हे गृहीत धरावे. यात फसवणूक नाही. चांगला सुगंधकार जुळवलेल्या गुलाबात थोडे अस्सल तेल घालून तो जिवंत करतो, आणि हे कसब मान देण्याजोगे आहे.

खरा प्रश्न लाकडाचा. भारतीय चंदनाच्या गाभ्याला तेल धरायला पंधरा-वीस वर्षे तरी लागतात, आणि उत्तम तेलासाठी त्याहून अधिक. टिपू सुलतानाने १७९२ मध्ये चंदनाला राजवृक्ष ठरवले. म्हैसूरचा सरकारी चंदनतेलाचा कारखाना १९१६ चा. अतितोडीमुळे १९९८ मध्ये ही जात आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत ‘असुरक्षित’ म्हणून नोंदली गेली. पुण्यात बंगल्यांच्या आणि संस्थांच्या आवारातली चंदनाची झाडे रातोरात कापून नेल्याच्या बातम्या वाचकांना नव्या नाहीत. आता ऑस्ट्रेलियात भारतीय चंदनाच्या मोठ्या लागवडी आहेत, आणि कंपन्यांकडे कृत्रिम चंदनही आहे: स्वित्झर्लंडच्या जिव्होदाँ कंपनीचे जॅव्हॅनॉल अगदी थेंबभर पुरते. देवदाराच्या जातीचा मऊ, कोरडा भास देणारे आयसो ई सुपर तर १९७० च्या दशकापासून असंख्य परफ्यूमांच्या तळाशी आहे. ऊद म्हणून जे विकले जाते त्यात पुष्कळदा नागरमोथ्याचे तेल असते. हा नागरमोथा मध्य प्रदेश आणि छत्तीसगडच्या जंगलांतून गोळा होतो. ग्वारीघाटाजवळच्या पोलीपाथर भागात १९६३ पासून मध्य प्रदेशची राज्य वन संशोधन संस्था आहे, आणि अशा वनोपजांचा अभ्यास हा तिच्या कामाचा भाग आहे. घाटावर सहलीला आलेल्या बाईच्या मनगटावरच्या फ्रेंच ऊदाचे मूळ तिच्यापासून काही तासांच्या अंतरावरच्या जंगलात असू शकते.

कृत्रिम चंदनाला नाक मुरडण्याचे कारण नाही. त्याने झाडे वाचतात. चंदनतेलासाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात अल्फा-सँटॅलॉल ४१ ते ५५ टक्के आणि बीटा-सँटॅलॉल १६ ते २४ टक्के असावे असे म्हटले आहे. म्हणजे अस्सल माल मोजता येतो, सांगता येतो. आक्षेप आहे तो कंपन्यांच्या मौनावर. गुलाब कुठल्या खोऱ्यातला, कुठल्या पहाटेचा, हे त्या चार ओळींत रंगवून सांगतात, आणि लाकडापाशी आल्या की ‘मौल्यवान लाकडे’ एवढ्यावर थांबतात. कुठले लाकूड, लागवडीतले की जंगलातले, की प्रयोगशाळेतले? पंचवीस हजार घेणाऱ्याने हे सांगायलाच हवे.

त्या पंचवीस हजारांचाही ढोबळ हिशेब मांडून पाहू. समजा बाटली ५० मिलिलिटरची आणि तिच्यात २० टक्के सुगंधी अर्क आहे. म्हणजे अर्क सुमारे १० ग्रॅम. समजा त्यात २ टक्के अस्सल गुलाबतेल आहे: ०.२ ग्रॅम, म्हणजे जेमतेम पाऊण किलो पाकळ्यांचे. किलोला दहा लाख भाव धरला तरी त्याचे २०० रुपये होतात. चंदनतेल उदारपणे १० टक्के धरू, किलोला दोन लाख: एक ग्रॅमचे २०० रुपये. दोन्ही मिळून ४००. किमतीच्या शंभरातले दोन रुपयेही नाहीत. उरलेल्या पैशांत सुगंधकाराचे कौशल्य आहे, काच आहे, कर आहेत, दुकानाचे भाडे आहे आणि जाहिरातीतली नटी आहे. कौशल्याचे पैसे आनंदाने द्यावेत. ते आहे की नाही याची खूण एकच: गुलाब ओसरल्यावर काय उरते.

स्त्रियांसाठी लाकूड ही युरोपातही अलीकडची गोष्ट नाही. शॅनेलचे ‘ब्वा देझिल’ १९२६ चे. एर्नेस्ट बो यांनी त्यात चंदन मध्यभागी आणले. १९९२ मध्ये शिसेदोसाठी सर्ज ल्युटेन्स यांच्या मार्गदर्शनाखाली पिएर बुर्दाँ आणि क्रिस्टोफर शेल्ड्रेक यांनी ‘फेमिनिते द्यु ब्वा’ बांधले, आणि देवदार, आलुबुखार, मसाले यांच्या मेळातून लाकूड हे पुरुषांच्या दाढीच्या साबणापुरते नाही हे बाजाराला पटवले. ‘स्त्रियांसाठी’ ही चिठ्ठी म्हणजे दुकानातल्या फळीची सोय आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात वाळ्याचे आणि हिवाळ्यात हिन्याचे अत्तर लावताना निवड ऋतू पाहून होत असे, आणि ती रीत अधिक शहाणपणाची होती.

दोन नावाजलेल्या बाटल्या घेऊन पाहिल्या की लाकडाची परीक्षा म्हणजे काय ते स्पष्ट होते. फ्रेदेरिक माल यांच्या संग्रहातले ‘पोर्ट्रेट ऑफ अ लेडी’ २०१० चे, सुगंधकार दोमिनिक रोपियाँ. वर लवंग, दालचिनी आणि रासबेरीसारख्या लाल फळांचा झोत, मध्ये तुर्की गुलाब, तळाशी पचौली, धूप आणि चंदन. यात गुलाब तळापर्यंत सोबत येतो, हे त्याचे मोठे यश. पचौली आणि धुपाची पकड इतकी भक्कम की सकाळी लावलेले संध्याकाळीही कळते. कौशल्याचे पैसे इथे दिसतात. पण हा सुगंध जबलपूर-नागपूरच्या मे महिन्यासाठी नाही. बेचाळीस अंशांत हीच पचौली छातीवर बसते आणि शेजारच्या खुर्चीवरच्याला उठून जावेसे वाटते. डिसेंबरातल्या लग्नात, रेशमी साडीसोबत, त्याला तोड नाही.

दुसरे ‘ले लाबो’चे ‘रोझ ३१’, २००६ चे, दाफ्ने ब्युजे यांनी बांधलेले. गुलाबाला जिरे, देवदार आणि वाळा यांच्या हाती सोपवणारे. फ्रेंच समीक्षकांना त्यातले जिरे धीट वाटते. मराठी नाकाला जिरे म्हणजे फोडणी, आणि उन्हाळ्यात कधी कधी घाम. त्यामुळे सुरुवातीची दहा मिनिटे पुष्कळ जणींना ते पटणार नाही. पण जिरे बसले की मागे कोरडे देवदार आणि वाळा स्वच्छ उभे राहतात, आणि गरम हवेतही ते गुदमरवत नाहीत. दोघांतून उन्हाळ्यासाठी एक निवडायचे तर हेच निवडावे. गुलाब मात्र यात लवकर मागे पडतो. गुलाबासाठीच बाटली घेणारीची निराशा होईल.

परीक्षा घरी करावी. दुकानात एअर कंडिशनर असतो, शंभर बाटल्यांचा धुरळा असतो आणि विक्रेतीची घाई असते. कोऱ्या कागदी पट्टीवर फक्त नापसंत बाटल्या गाळाव्यात. एका वेळी दोन, फार तर तीन सुगंध. मध्येच नाकाखाली धरलेल्या कॉफीच्या बियांनी काही साधत नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात कॉफीच्या बिया आणि साधी हवा यांत फरक आढळला नव्हता. बाहेर जाऊन पाच मिनिटे उभे राहावे, तेवढे पुरते. मग दोन मिलिलिटरची छोटी कुपी मिळते ती घ्यावी आणि एका कोपरावर, आंघोळीनंतर, दुसरे काही न लावता, नेहमीच्या दिवशी वापरून पाहावी. पंधरा मिनिटांनी, तासाभराने आणि चौथ्या तासाला वास घ्यावा. चौथ्या तासाला फक्त गोडसर साबणासारखी कस्तुरी उरली असेल तर लाकडाचे पैसे वाया गेले. सुती रुमालावरही एक फवारा मारून सकाळी पाहावा; रेशमावर मारू नये, डाग राहतो.

आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी विचारावे. आयसो ई सुपर आणि काही कस्तुरी रेणू काही लोकांना मुळीच जाणवत नाहीत, शिवाय स्वतःच्या अंगावरच्या वासाला नाक तासाभरात सरावते. ‘माझ्यावर टिकतच नाही’ म्हणत पाचवा, सहावा फवारा मारणाऱ्या काकूंच्या अंगावर तो टिकलेला असतो. लिफ्टमधल्या बाकीच्यांना तो नको इतका पोचतो.

जबलपूरसारख्या शहरात यातली बहुतेक नावे दुकानात मिळत नाहीत आणि खरेदी ऑनलाइन होते. तिथे एक गोष्ट निक्षून पाहावी. आयात केलेल्या बंद मालावर आयातदाराचे नाव-पत्ता, मूळ देश, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापणे भारतीय वजनमापे कायद्याच्या नियमांनुसार सक्तीचे आहे. अशी चिठ्ठी नसलेली बाटली निम्म्या किमतीला मिळाली तरी घेऊ नये. तिच्यातल्या गुलाबाबद्दल किंवा लाकडाबद्दल उद्या प्रश्न पडला, त्वचेला पुरळ आली, तर उत्तर द्यायला भारतात कुणीच नसते.